त्र्याऐंशीच्या आत

सांगलीत वजन वाढवायला कुणाला विचारावं लागत नाही. कमी करायला मात्र अख्ख्या गल्लीची संमती लागते.

मला पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत ८३ किलोच्या गटात उतरायचंय आणि काटा दाखवतोय ८७. वजनाच्या वेळी ८३.०१ भरलं तरी हा गट बंद, आणि वरचा गट थेट ९३ चा. तिथली माणसं खरोखर ९३ किलोची असतात, शिवाय त्यातलं बरंचसं खांद्यात असतं.

कागदावर हिशेब सोपा आहे. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज पाचशे कमी खाल्ल्या की पंधरवड्यात जवळजवळ किलो उतरतो. ताकद टिकावी म्हणून शरीराच्या दर किलोमागं दीड-दोन ग्रॅम प्रोटीन. या हिशेबात आई कुठंच नाही, एवढीच अडचण.

"दोनच चपात्या म्हणालास, दोनच दिल्या," असं ती शपथेवर सांगते. त्या दोन चपात्यांत पूर्वीच्या चार राहतात. घडी उलगडली की आतून तेल चमकतं. ग्रॅमवारी मोजायला छोटा काटा आणला, तर तो भाजीवाल्याचा पावशेर तपासण्याच्या कामी लागला.

बाहेर वेगळीच तऱ्हा. गालफडं जरा बसली की लोक आवाज खाली आणून विचारतात, "शुगर निघाली काय?" नाही म्हटलं तर आणखी हळू आवाजात, "मग कर्ज झालंय का?" शेजारच्या काकूंनी तर भडंगाचा पुडाच हातात कोंबला. "चुरमुरेच हायत की रे, निम्मी हवा!" हवा खरीच, पण त्या हवेला तेलात परतलेला लसूण चिकटलेला, तळाशी शेंगदाणे आणि कागदाला आरपार डाग.

असं वजन उतरवण्याला जिममध्ये 'कटिंग' म्हणतात. तालमीतल्या वस्तादांना 'कटिंग' म्हणजे अर्धा चहा एवढंच ठाऊक. "उचलायचं वजन वाढवायचं आणि अंगातलं घालवायचं? कुणी शिकवलं रं तुला?" मी आपल्या सांगलीच्याच संकेत सरगरचा दाखला दिला. २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगचा ५५ किलोचा गट, एकूण २४८ किलो उचलून रौप्य. सुवर्ण एका किलोनं हुकलं.

"बघ! एक चपाती जास्त खाल्ली असती तर?"

त्याचं कोपर दुखावलं होतं, हे सांगेपर्यंत वस्तादांनी माझ्यासाठी दूध मागवलं होतं. म्हशीचं.

खरं सांगायचं तर वस्तादांची बाजू अगदीच लंगडी नाही. पूर्वी स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन, खाली बसलं की पोट मांडीवर टेकायचं आणि उठताना तेवढाच आधार व्हायचा. आता पट्टा एक भोक आत गेलाय आणि तळाशी मी एकटाच असतो. जमिनीवरून उचलायच्या डेडलिफ्टची कालचीच प्लेट आज उपाशीपोटी कुणीतरी बदलल्यासारखी वाटते. अशा वेळी समोरच्या भिंतीवर मला बासुंदी दिसते, नरसोबाच्या वाडीची, वाटीला साय धरलेली.

वजन लवकर उरकलं तर स्पर्धा सुरू व्हायला दोनेक तास मिळू शकतात, हे कळल्यापासून मात्र घरचा विरोध एकदम मावळलाय. त्या दोन तासांचा बेत ठरला आहे. आई पुरणपोळ्या करणार, काकू भडंग आणणार, वस्ताद दुधाची किटली घेऊन थेट काट्यापाशी उभे राहणार. कटाची आमटी डब्यातून सांडेल की बरणीतून न्यावी, एवढ्यावरच सध्या अडलंय.