पाल्याला ताप

सकाळी कंपाउंडच्या कोपऱ्यात, कडुलिंबाच्या कुजक्या पाल्याच्या ढिगात तापाचं थर्मामीटर खुपसून मी उकिडवा बसलो होतो. दुसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीतून आवाज आला, "काय जी, कोणाले ताप आला?"

"पाल्याला."

असल्या उत्तरानं माणूस गप्प होतो. काका बनियनवर, चहाचा कप घेऊन खाली आले.

"किती हाये?"

"आकडा नाही, एच दाखवून राहिलं. बेचाळीसच्या वर गेलं की ते आकडे सांगत नाही."

"मंग ओली पट्टी ठेवा ना!"

पाला कुजताना तापतो, तापला की खत लवकर होतं, हे सांगायला मी दक्षिण ऑस्ट्रेलियातला मॅलीफाऊल मध्ये आणला. कोंबडीएवढा पक्षी. पाठीवर राखी, तपकिरी, पांढरी अशी नक्षी की झुडपात उभा राहिला तर दिसायचा नाही. यातला नर जमिनीत खड्डा करतो, त्यात पालापाचोळा भरतो, वर वाळू लोटतो. तीन-चार मीटर रुंद ढीग. अंडी त्याच्या पोटात. कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते, बसून उबवायची भानगडच नाही. वाळू चोचीत घेऊन हा गडी तापमान पाहतो आणि ढीग उकरून नाहीतर वाळू चढवून ते 33 अंशांच्या आसपास ठेवतो. वर्षातले बहुतेक महिने हेच काम.

"अन् मादी?"

"अंडं घालते आणि जाते."

काकांनी मान वर केली. "आयकलं का वो?"

गॅलरीतून काकू म्हणाल्या, "महिनोन्‌महिने एकाच कामावर टिकते तो. तेवढं आयका तुम्ही."

काकांनी विषय बदलला. "पिल्लाले कोण पाहते?"

"कोणी नाही. ते एकटंच वाळू उकरत वर येतं आणि एका दिवसात उडतं."

"म्हणजे बापाले वळखतबी नाही?"

"नाही."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. चहावर साय धरली. मग म्हणाले, "विदेशी हाये म्हणून."

म्हटलं, निकोबार बेटांवर आपलाही एक आहे, तपकिरी, डोळ्यांभोवती लाल कातडी. तोही किनाऱ्याजवळ असेच ढीग करतो. 2004 च्या त्सुनामीनं त्यातले कितीतरी धुऊन नेले. काकांनी हळहळल्यासारखं केलं आणि विचारलं, "नागपुरात जमन का त्याले?"

हा प्रश्न बाकी चांगला होता. उन्हाळ्यात मॅलीफाऊल ऊन आत पोचू नये म्हणून वाळूचा थर वाढवतो आणि पहाटे ढीग उघडून गार वाळू आत घालतो. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे गार वाळू आणायची कुठून? 2024 च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. देशभर बोंब झाली. नंतर कळलं, यंत्रच बिघडलं होतं. चोच बरी.

गप्पा अशा रंगल्या. मला वाटलं, चला, सोसायटीत एक तरी माणूस समजून घेणारा निघाला.

दुपारी ग्रुपवर फोटो आला. मी उकिडवा, हातात थर्मामीटर, पाठमोरा. खाली मजकूर: 'कचऱ्याचा ढीग त्वरित हटवावा. वास येत आहे. साप निघाल्यास जबाबदार कोण?' पंधरा-वीस अंगठे. फोटो वरून काढलेला, दुसऱ्या माळ्याच्या उंचीवरून. वास येत नाही हो. मी रोज सुका पाला पसरतो वर. हिवाळाभर याच कोपऱ्यात झाडलेला पाला जाळतात, धूर सगळ्यांच्या बेडरूममध्ये जातो, वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो. तेव्हा ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं.

संध्याकाळी काका गेटवर भेटले. मी मुद्दाम बोललो नाही. तेच जवळ आले, आवाज खाली करून म्हणाले, "मेसेजचं मनावर घेऊ नका जी, सेक्रेटरी मागं लागला होता. अन् खत झालं की एक पोतं बाजूला ठेवजा. मोगऱ्याले पाहिजे."