‘सर, आमच्या साइडने ओके आहे’

१०२५ ते ५०००! दोन कंपन्यांचे विंडोज सर्व्हर एकमेकांशी बोलावेत म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट, म्हणजे नंबर घातलेली दारं, उघडून घ्यायचे होते. त्यात आरपीसी, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची पद्धत, आयत्या वेळी ज्यातले पोर्ट निवडते ती डायनॅमिक रेंज म्हणून शनिवारी रात्री आमच्या फायरवॉलवाल्यांनी १०२५ ते ५००० उघडून दिली आणि टिकिटावर ‘इम्प्लिमेंटेड, काइंडली कन्फर्म’ लिहून मोकळे झाले.

मी फॉर्ममध्ये ४९१५२ ते ६५५३५ लिहिलं होतं. बोल्डमध्ये. सेल पिवळा करून. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ आले तेव्हापासून हीच रेंज आहे. १०२५ ते ५००० होती ती विंडोज २००० आणि २००३ च्या जमान्यात, आणि त्या २००३ चा सपोर्टसुद्धा जुलै २०१५ मध्ये संपला. पण सिक्युरिटीच्या साहेबांकडे कुठलीतरी पुरातन पीडीएफ आहे, तिला ते ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यांनी मला एका शब्दाने न विचारता माझी रेंज खोडली आणि शेरा मारला की मागितलेली रेंज फार मोठी आहे, स्टँडर्डप्रमाणे सुधारली. म्हणजे १६,३८४ पोर्ट उघडले तर धोका, म्हणून जवळजवळ चार हजार असे उघडले की ज्यांच्यावर पलीकडे जवळपास कोणी ऐकायलाच बसलेलं नाही. जवळपास म्हणतोय, कारण ३३८९ त्याच रेंजमध्ये येतो. वा! सुरक्षेसाठी माझी रेंज कापली आणि त्या नादात दोन्ही कंपन्यांच्या डोमेन कंट्रोलरचं (डीसी, म्हणजे लॉगिन तपासणारे मुख्य सर्व्हर) रिमोट डेस्कटॉप एकमेकांना सताड उघडं करून दिलं. हे मी कॉलवर सांगितलं तर उत्तर आलं, ‘सर, ते वेगळ्या टिकिटात घ्यावं लागेल.’ आता ती रेंज बंद करायलाही नवीन चेंज टाका, नवीन ॲप्रूव्हल घ्या. तो कोण टाकणार? मीच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, आणि बंबाच्या डिझेलचं बिल माझ्या नावावर.

पण त्याआधीचं ऐका. आम्ही एक कंपनी विकत घेतलीय, तिचं फॉरेस्ट, म्हणजे यूजर आणि मशिनींचा अख्खा विंडोज संसार, वेगळं, आमचं वेगळं, दोघांत ट्रस्ट बांधायचा, म्हणजे एकीकडचं लॉगिन दुसरीकडे चालेल. काम एवढंच. कंडिशनल फॉरवर्डर (त्यांच्या नावांची चौकशी त्यांच्याच डीएनएसकडे) लावले, नावं रिझॉल्व्ह होतायत, विझार्ड उघडला, डोमेनचं नाव टाकलं, नेक्स्ट. विझार्ड विचार करतो, करतो, करतो आणि मलाच विचारतो की हे विंडोज डोमेन नाही, केरबेरॉस रेल्म, म्हणजे विंडोजबाहेरची लॉगिन व्यवस्था, आहे का? अरे बाबा, हजारभर माणसं रोज सकाळी त्या डोमेनवर लॉगिन करतात! ही पाटी ज्यांनी पाहिलीय त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. यूडीपी ३८९ बंद. दुसरं काही नाही. एकाच नंबरच्या पोर्टाची टीसीपी आणि यूडीपी अशी दोन वेगळी दारं असतात. डीसी शोधताना पहिली हाक यूडीपीवर जाते आणि या महाभागांनी फक्त टीसीपी उघडलेला.

मी म्हटलं, ‘यूडीपी ३८९ बघ जरा.’

‘सर, ३८९ ओपन आहे.’

‘टीसीपी आहे. यूडीपी बघ.’

‘सर, टेलनेट करून बघा ना, होतंय.’

टेलनेट! यूडीपीसाठी! ते चालतं फक्त टीसीपीवर! यावर काय बोलायचं माणसाने? फॉर्ममध्ये प्रोटोकॉलचा वेगळा कॉलम आहे. ५३, ८८, ३८९, ४६४ या चारही पोर्टांसमोर ‘टीसीपी + यूडीपी’ लिहिलंय. मग थोडा वेळ शांतता, कीबोर्डचा आवाज, आणि शेवटी ब्रह्मवाक्य, ‘सर, पिंग होतंय बघा, नेटवर्कचा इश्यू नाहीये.’

पिंग होतंय म्हणजे काय होतंय? पलीकडचं मशीन ‘ओ’ देतंय, एवढंच. पिंगने लॉगिन होतं का? पिंगला पोर्ट तरी असतो का? या देशात पिंग लागला की नेटवर्कवाल्याची जबाबदारी संपते आणि विंडोजवाल्याची सुरू होते, हा अलिखित कायदा कोणी केला ते मला एकदा कळू दे.

तासाभराने यूडीपी उघडला, कसा ते कोणी सांगितलं नाही. ‘आम्ही काहीच बदललं नाही सर, आता बघा.’ बरं. ट्रस्ट तयार झाला. खात्रीसाठी व्हॅलिडेट दाबलं आणि आली आपली कुलदेवता. द आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल. एका फोल्डरच्या परवानग्या उघडल्या तर पलीकडच्या माणसांच्या नावाजागी नुसतं एस-१-५-२१ आणि पुढे मालगाडीएवढा आकडा, म्हणजे नाव न सापडलेल्या खात्याचा कोड. पोर्ट तपासायची पोर्टक्वेरी चालवली. १३५ झकास उत्तर देतोय, लॉगिन सांभाळणारा नेटलॉगॉन अमक्या पोर्टवर बसलाय, तमकं अमक्यावर, सगळे एकोणपन्नास हजारांच्या पुढचे. त्यातला एकेक तपासला की फिल्टर्ड, म्हणजे उत्तरच नाही. फिल्टर्ड. फिल्टर्ड. १३५ ही सरकारी कचेरीतली चौकशीची खिडकी आहे हो. तिथला माणूस फक्त सांगतो की तुमचं काम अमुक नंबरच्या खोलीत. तुम्ही खिडकी उघडी ठेवलीत, वरच्या मजल्याच्या जिन्याला कुलूप घातलंत आणि वर मला विचारताय की काम का झालं नाही.

आणि पॅकेट गपचूप गिळून टाकायची ही काय खोड? नकार द्यायचा तर तोंडावर द्या. रीसेट पाठवा, मला क्षणात कळेल. नाही. ड्रॉप. मी एकवीस सेकंद कर्सरकडे बघत बसायचं, प्रत्येक पोर्टला. लॉग मागितला तर ‘सर, लॉगमध्ये काहीच डिनाय दिसत नाहीये.’ दिसेल कसा? शेवटच्या डिनाय रूलचं लॉगिंगच तुम्ही बंद ठेवलंय, डिस्क भरते म्हणून!

या सगळ्यात मी जरा जास्तच जोरात बोलत असणार, कारण आई उठून बाहेर आली. रात्रीचे दोन, मी डोकं धरून बसलेला. तिने दारातूनच घाबरून विचारलं, ‘कोण गेलं रे?’

‘कोणी नाही गं आई. आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल आहे.’

‘मग झोपला असेल तो. माणसाला झोप लागते की नाही? उद्या कर म्हणावं.’ आणि ती गेली आत. कॉलवर माझा माइक चालू होता. पलीकडे सात-आठ जण, कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकदम म्यूट केलं ते दिसलं. बाकी माझंही काही खरं राहिलेलं नाही. वाण्याकडे ४४५ रुपये बिल झालं की मी मनात ‘एसएमबी’ (फाइल शेअरिंगचा पोर्ट) म्हणतो आणि पुढे चारशे चौसष्टची बरणी दिसते का ते शोधतो. बायको म्हणते की भांडण टीसीपीचं असो की यूडीपीचं, आवाज तोच असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं तरी शिकली बिचारी.

विषय निघालाच आहे तर तो फॉर्म. केरबेरॉसच्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या प्रोटोकॉलच्या, ८८ समोर ‘बिझनेस जस्टिफिकेशन’ म्हणून मी लिहिलं, ‘लोकांना लॉगिन करता यावं म्हणून.’ रिजेक्ट, कारण पुरेसं नाही. तेच एका डायरेक्टर साहेबांच्या डेमोसाठी एका फोनवर एनी-एनी, म्हणजे सगळ्यांना सगळं, उघडलं होतं, तेव्हा जस्टिफिकेशनच्या रकान्यात फक्त ‘अर्जंट’ होतं. हजेरीच्या मशीनवाल्या व्हेंडरसाठी केलेला ‘टेम्प’ नावाचा रूल मी इथे रुजू झालो त्याच्या आधीपासून आहे, त्याला कोणी हात लावत नाही. सगळी छाननी माझ्याच पोर्टांची.

मग घड्याळ. पलीकडच्या डीसीचं घड्याळ सात मिनिटं पुढे, कारण यूडीपी १२३, म्हणजे वेळ जुळवायचा पोर्ट, त्यांच्याकडे बंद, ‘टाइमची रिक्वायरमेंट नव्हती’ म्हणून. केरबेरॉस पाच मिनिटांपलीकडच्या फरकाला उभं करत नाही हे २००० सालापासूनचं आहे, पण सांगायला गेलं की मीच किरकिऱ्या. आणि त्या आर्किटेक्ट नावाच्या उंटावरच्या शहाण्याने भर मीटिंगमध्ये सुचवलं होतं की दोन्हीकडे आयपी पत्त्यांची दहाचीच सिरीज आहे तर मध्ये नॅट टाकू, म्हणजे पत्ते वाटेत बदलू. डीसींच्या मध्ये नॅट! मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की याची शिफारस करत नाही, आम्ही तपासलेलं नाही. मी ती लिंक चॅटमध्ये टाकली, त्याने अंगठा दाखवला आणि स्लाइड पुढे नेली.

बरं, तोडगा नाही असंही नाही. रजिस्ट्रीत एनटीडीएसला (डीसीवरची डिरेक्टरी सर्व्हिस) एक आणि नेटलॉगॉनला एक असे पोर्ट ठरवून द्यायचे, मग सिक्युरिटीला अख्ख्या रेंजऐवजी ते दोन नंबर आणि १३५ दाखवता येतात, साहेबांचा बीपी खाली येतो. सगळंच त्याने सुटत नाही, पण बरंचसं सुटतं. फक्त त्यासाठी डीसी रीस्टार्ट करावे लागतात. पलीकडचा ॲडमिन म्हणाला, ‘आमचा मेन डीसी रीस्टार्ट केला तर परत वर येईलच असं मी लिहून देणार नाही.’ प्रामाणिक माणूस. त्या अख्ख्या कॉलवर खरं बोललेला तो एकटाच.

आज सकाळी मॅनेजरचा मेल, सगळं गाव सीसीत. चेंज फेल झाला, आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, द्या, संध्याकाळपर्यंत. ठरावीक टेम्प्लेट आहे. ‘रूट कॉज’ला ड्रॉपडाउन: ह्यूमन एरर, हार्डवेअर फेल्युअर, व्हेंडर, अदर्स. ‘अदर्स’ निवडलं की खाली शंभर अक्षरांचा एक बॉक्स उघडतो. शंभर अक्षरांत बसेल असं सुचलंय मला. फार चपखल बसतंय, चार अक्षरं उरतायत सुद्धा. पण ते टाकलं तर पुढचं टिकीट एचआरकडून येईल, आणि ते लोक कन्फर्म केल्याशिवाय क्लोज करत नाहीत.