मोठा कार्ब म्हणजे जास्त पॉवर? नाही भाऊ, असं नसते ते

आपल्या नागपूरच्या गाडीवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला. म्हणणं असं, की हेड पोर्ट केलं (इंजिनातले हवेचे रस्ते मोठे केले), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, की चार सिलिंडरच्या इंजिनाला मिळेल तेवढा मोठा कार्ब (कार्बुरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) लावा, वेबर कंपनीच्या 40 नंबरच्या कार्बांची जोडी लावली तर उत्तमच, गाडी अडखळली तर मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक) वाढवा, आणि आपल्याकडे ऊन जास्त म्हणून कार्बही मोठाच पाहिजे. पोरं हे वाचून पैसे घालवून राहिले, म्हणून लिहितो.

कार्ब हवा आत ढकलत नाही ना भाऊ, हवा इंजिन ओढते, आणि किती ओढते ते कागदावर काढता येते. जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन घ्या. फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा, 6500 आरपीएमला मिनिटाला साधारण 4200 लिटर. सिलिंडर 85 टक्के भरतात धरलं तर 3600 च्या आसपास, म्हणजे 127 सीएफएम (मिनिटाला घनफूट). कॅम न् पोर्टिंग एकदम झकास जमलं, अगदी 100 टक्के भरलं, तरी 149. यावर 350 सीएफएमचा टू-बॅरल (दोन नळ्यांचा कार्ब) लावून काय मिळणार?

मिळत काही नाही, नुकसान मात्र होते. कार्बातल्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, हवा जोरात जाते, तिथं दाब पडतो, त्या ओढीनं पेट्रोल वर येऊन धुक्यासारखं फुटते. गळा मोठा केला की खालच्या आरपीएमला हवा सुस्त, ओढ नाही, पेट्रोल थेंबाथेंबानं मॅनिफोल्डच्या (कार्बातून इंजिनात जाणाऱ्या पाइपाच्या) भिंतीला चिकटते. माझ्या जिप्सीला एका गॅरेजवाल्यानं असाच मोठा टू-बॅरल बसवला होता, वर्धा रोडवर 4000 च्या वर मस्त पळायची आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलवरून निघताना दरवेळी दम टाकायची, मागचे हॉर्न वाजवत राहायचे, वर्षभर तसंच चालवलं मी.

आता ते 40. हा आकडा बटरफ्लायचा (पेडलनं उघडणाऱ्या झडपेचा) आहे, गळ्याचा नाही. खरा साइज आतला चोक (म्हणजे तो गळाच, थंडीत ओढायचा चोक नाही), आणि वेबरच्या त्या जोडीत तो बदलता येते. हिशोब सोपा आहे: एका सिलिंडरचे लिटर गुणिले आरपीएम, भागिले 1000, त्याचं वर्गमूळ, गुणिले 20. जिप्सीला 7000 वर साधारण 30 मिमी येते. म्हणजे जोडी वाईट नाही, 30 चे चोक टाकले तर छान चालेल, त्यातच 36 चे टाकले तर शहरात चालवणं मुश्कील. मेन जेट चोकच्या चौपट, म्हणजे 120, एअर करेक्टर (हवेचा जेट) त्याहून 50 जास्त, तिथून ट्यूनिंग सुरू करायचं.

मेन जेट वाढवायचा सल्ला तर सगळ्यात वाईट. पेडल एकदम दाबल्यावर हवा लगेच धावते, पेट्रोल मागं राहते, ते भरून काढायचं काम अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं. जेट वाढवला तर वरच्या आरपीएमला मिक्स्चर रिच होते (पेट्रोल जास्त पडते), प्लग काळे पडतात, आणि अडखळणं तिथंच राहते.

उन्हाचंही उलटंच आहे. 45 डिग्रीची हवा 15 डिग्रीच्या हवेपेक्षा जवळपास 10 टक्के विरळ. इंजिन ओढते तेवढेच लिटर, म्हणजे कार्बचा साइज तोच, जेट झालाच तर थोडा लहान. मे महिन्यात गाडी बंद पडते ते बहुतेक वेळा पेट्रोल लाइनीत उकळते म्हणून, त्याला कार्बखाली इन्सुलेटर ब्लॉक लावा, हीट शील्ड लावा, लाइन सायलेन्सरच्या पाइपापासून दूर घ्या.

एक मान्य करतो, एसयू टाइपच्या कार्बात पिस्टन हवेप्रमाणं वर-खाली होते, तिथं थोडा मोठा साइज खपून जाते.

बाकी शंका असेल तर मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. फुल थ्रॉटल, वरचा आरपीएम, काटा 2 इंचांच्या वर राहिला तर कार्ब खरंच लहान, खुशाल मोठा घ्या. शून्यालाच चिकटला तर आहे तोच मोठा. माझा शून्याला चिकटला होता. काढला आणि 32/36 चा कार्ब लावला (हे आकडेही बटरफ्लायचेच), त्याचे गळे फक्त 26 आणि 27 मिमीचे, दुसरा बॅरल पेडल अर्ध्याच्या पुढं गेल्यावरच उघडते. आता बर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर आरामात निघते.