चित्र आधीच माहीत आहे, म्हणूनच

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून रेडिओनं, आवाजाच्या रूपात येणारी ही चित्रं म्हणजे तिथून टिपलेले फोटो नव्हेत, आधी तयार करून ठेवलेली कार्डं असतात. तीच स्वच्छ रूपात नेटवर मिळतात. मग फोंड्यात गच्चीवर अँटेना धरून मुंग्या आलेली प्रत घ्यायची कशाला?

पहिलं म्हणणं खरं आहे. गागारिनच्या उड्डाणाचा वाढदिवस वगैरे निमित्तानं केलेली कार्डंच बहुतेक वेळा असतात. पण माझ्या दृष्टीनं खरी गंमत तिथेच सुरू होते. मूळ चित्र कसं आहे हे ठाऊक असेल, तर माझ्याकडे पोचलेल्या प्रतीत जे जे बिघडलंय ते सगळं वाटेत घडलेलं असतं. आणि ते वाचता येतं.

१४५.८०० मेगाहर्ट्झवर एक चित्र यायला साधारण १२६ सेकंद लागतात. त्यात ४९६ ओळी, म्हणजे सेकंदाला जवळपास चार. चित्राच्या तळाच्या शंभर ओळींत नुसत्या मुंग्या असतील, तर शेवटची पंचवीसेक सेकंदं सिग्नल गेला होता. त्या वेळी स्थानक कुठल्या दिशेला, किती अंशांवर होतं हे कक्षेच्या आकडेवारीवरून काढता येतं. आमच्या घराच्या पूर्वेला डोंगर आहे. त्याची उंची अंशांमध्ये मी अशा चित्रांवरून काढली. समुद्राकडच्या सड्यावर उभं राहिलात तर पश्चिमेला अडवणारं काहीच नाही, स्थानक क्षितिजावर आल्या आल्या आवाज सुरू होतो. मधेच आडवा पट्टा आला, तर बहुधा लहरींच्या कंपनाची दिशा फिरलेली असते. हातातली अँटेना उभीची आडवी केली की चित्र पुन्हा सावरतं. सगळं चित्रच तिरपं उतरलं, तर आवाज नोंदवणाऱ्या आपल्या साऊंड कार्डाचं घड्याळ पुढेमागे चालतंय असं समजावं. स्वच्छ प्रतीत यातलं काय दिसणार?

ढगांची अडचण नाही, हे मुद्दाम सांगतो. जुलैत महिनाभर आकाश दिसत नाही तेव्हाही चारेकशे किलोमीटरवरून हा सिग्नल ठणठणीत येतो.

'मुलांना यातून काय मिळणार' असंही तुम्ही विचारलंय. डॉप्लर परिणाम पाठ करण्याऐवजी त्यांना तो डोळ्यांनी दिसतो: स्थानक जवळ येताना वारंवारता तीनेक किलोहर्ट्झनं वर, दूर जाताना तेवढीच खाली. आणि त्यासाठी मोठा खर्चही नाही. हातात धरायचा साधा रेडिओ संच आणि त्याच्यापुढे धरलेला, आवाजातून चित्र उलगडणारं रोबोट३६ हे अॅप असलेला फोन एवढ्यावर पहिलं चित्र उतरतं. नुसतं ऐकायचं आहे, प्रक्षेपण करायचं नाही.

अशा चित्रांच्या प्रक्षेपणाची पुढची मालिका जाहीर झाली की इथे वेळा टाकेन. तुम्ही पेडण्याकडचे आहात असं लिहिलंय, म्हणजे तुमचं क्षितिज माझ्यापेक्षा वेगळं. एकदा घेऊन पाहा, आणि मिळालेलं चित्र वेळेसकट पाठवा. मुंग्या मात्र पुसू नका, मला त्याच हव्या आहेत.