वारा सरळ कमी दाबाकडे का जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: "वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, हे शाळकरी पोरही सांगेल. तुम्ही मात्र तो समदाब रेषांना (नकाशावर सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना) जवळपास समांतर वाहतो असं लिहिलंत. मग कमी दाबाचा खड्डा भरतो कसा? कोकणात तर दुपारी वारा समुद्रावरून सरळ आत येतो."

कोकणाबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते लेखात यायला हवं होतं. बाकीचं मान्य नाही.

आधी हिशेब करू. दाब 100 किलोमीटरमागे 1 हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होत जाणं हा काही फार तीव्र उतार नाही. तरीही तो समुद्रसपाटीवरच्या हवेचा वेग दर तासाला सुमारे 3 मीटर प्रति सेकंदाने वाढवू शकतो. अडवणारं काही नसेल आणि उतार तसाच राहिला, तर एका दिवसात वारा ताशी 250 किलोमीटरच्या पुढे जाईल. एवढ्याशा उतारावर असं कधीच घडत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते, आणि वेग वाढेल तसा हा कोरिऑलिस प्रभावही वाढतो. दाबाचा रेटा आणि तो यांचा तोल साधला, की वारा रेषांना समांतर झालेला असतो आणि कमी दाब त्याच्या डावीकडे असतो.

हा प्रभाव अक्षांशानुसार बदलतो. वरच्याच उताराला मुंबईच्या 19 अंशांवर तोलाचा वेग ताशी सुमारे 63 किलोमीटर येतो, तर 45 अंशांवर फक्त 29. युरोपातले ठोकताळे आपल्या नकाशाला लावले, तर अंदाज निम्म्याहून खाली येतो. विषुववृत्तावर हा तोल लागूच पडत नाही.

हे आकडे साधारण एक किलोमीटर उंचीवरचे. खाली घर्षण वेग कमी करतं, त्याबरोबर वळणं कमी होतं आणि दाबाचा रेटा वरचढ ठरतो. म्हणून वारा रेषा तिरका ओलांडतो: समुद्रावर 10 ते 20 अंशांनी, खडबडीत जमिनीवर 30 किंवा त्याहून जास्त. खड्डा भरते ती हीच तिरकी हवा. पण ती मध्यावर वर चढते आणि वरच्या थरांतून बाहेर जाते. आत येते त्याहून जास्त बाहेर गेली, तर दाब आणखी उतरतो.

आता खारे वारे, म्हणजे कोकणात दुपारी समुद्रावरून आत येणारे. त्यांचा पसारा काही दशक किलोमीटरांचा आणि आयुष्य काही तासांचं. 19 अंशांवर कोरिऑलिसमुळे हवेला पूर्ण फेरा घ्यायला सुमारे 37 तास लागतात, म्हणजे सुरुवातीला वळायला तिला वेळच मिळत नाही. इथे शाळेतली आकृती चपखल बसते. तरी नीट पाहिलंत तर दुपार कलताना हा वारा पश्चिमेकडून वायव्येकडे सरकलेला दिसेल. वळणं तिथेही सुरू झालेलं असतं.

पडताळा घ्यायचा तर मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, डावा हात पसरा आणि थोडा पुढे घ्या. कमी दाब त्या दिशेला असतो. इमारतींच्या मध्ये, घाटातल्या खिंडीत किंवा वळवाच्या ढगाखाली हे करू नका. तिथला वारा स्थानिक असतो. जुलैत मुंबईत नैऋत्य वाऱ्याकडे पाठ केलीत, तर हात उत्तरेच्या बाजूला जातो. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंतचा मोसमी कमी दाबाचा पट्टा त्याच बाजूला असतो.