लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट नाही

‘दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कॉलेजच्या परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ मिळत नाही,’ असा मेसेज सध्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

४० टक्क्यांची अट आहे ती उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणाला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ३२ त्यासाठी आहे. लेखनिक आणि वाढीव वेळ मात्र कलम १७ मध्ये येतात, आणि तिथे टक्केवारीचा उल्लेखच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच स्पष्ट केलं. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि ४० टक्क्यांचा निकष लावून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो निकष इथे अमान्य केला. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सरकारी आरोग्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याचं, लिहिण्यात अडचण असल्याचं प्रमाणपत्र मागितलं होतं.

मेसेज वाचून कुणी अर्जच करणार नाही, ही खरी भीती आहे. प्राध्यापकांनी सत्राच्या सुरुवातीलाच वर्गात हे सांगावं. हात वर करायला संकोचणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.