‘चालू सर्व्हरला हात लावू नका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

वर्धा-यवतमाळकडच्या पतसंस्था, शाळा आणि जिनिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: चालू सर्व्हरला हात लावू नका. अपडेट हा कंपन्यांचा पैसे उकळायचा धंदा आहे. नवीन व्हर्जन टाकलं की जुना डेटा उडतो. आपल्या खेड्यातल्या सर्व्हरला कोण हॅक करणार? मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने 2024 मध्ये 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. इंटरनेटची वायर काढून ठेवली की व्हायरसची भीती नाही. आणि शेवटी ‘उपाय’: विंडोज अपडेट आणि फायरवॉल दोन्ही बंद करा, सर्व्हरचा स्पीड दुप्पट होईल, हार्ड डिस्कही जास्त वर्षं टिकेल.

माझे भाऊजी आर्वी तालुक्यातल्या एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहेत. तिथला सर्व्हर अजून विंडोज सर्व्हर 2012 आर2 या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हर्जनवर चालतो. नवीन मशीनवर जायचं काम ठरलं होतं, ते या मेसेजमुळे संचालक मंडळाने थांबवलं. भाऊजींनी फोनवर मलाच ऐकवलं, “कायले हात लावतं बाप्पा, चालू हाय ना ते!” वरून ऑपरेटरने मेसेजमधला उपायही करून टाकलेला. फायरवॉल बंद, म्हणजे बाहेरून काय आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरीच हटवला. त्या सर्व्हरवर पानठेलेवाल्यांच्या, भाजी विकणाऱ्या बायांच्या डेली कलेक्शनच्या ठेवी आहेत. म्हणून हे लिहितोय, आणि रागात लिहितोय.

“खेड्यातल्या सर्व्हरला कोण हॅक करणार?” हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते चटकन पटतं. आपण समजतो की कोणीतरी माणूस बसलाय, तो मोठी बँक सोडून आपल्याकडे कशाला येईल. पण नकाशात आर्वी शोधत कोणी बसत नाही. प्रोग्राम असतो, तो पत्ते चाळत जातो. पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा नंबर, आणि आयपीव्ही4 या नेहमीच्या पद्धतीचे असे एकूण पत्तेच सुमारे 430 कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये झेडमॅप नावाचं साधन आणलं. कनेक्शन वेगवान असेल तर एका मशीनवरून ते हे सगळे पत्ते 45 मिनिटांच्या आत एकदा ठोठावून येतं. त्यात तुमची संस्था आलीच. कोणता पत्ता नागपूरचा आणि कोणता तळेगावचा, याच्याशी त्या प्रोग्रामला काही देणंघेणं नाही.

भाऊजींकडे तर दार उघडंच होतं. सॉफ्टवेअरवाल्याच्या इंजिनिअरला नागपुरात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं (लांबून सर्व्हर चालवायचं) 3389 नंबरचं पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, बाहेर काढून ठेवलेलं. हे सर्रास चालतं, आणि संस्थेत कोणाला माहीतही नसतं. मी भाऊजींना सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावलं आणि सिक्युरिटी लॉगमधल्या फक्त 4625 नंबरच्या नोंदी गाळून घ्यायला सांगितल्या. 4625 म्हणजे फसलेला लॉगिन. स्क्रीन खाली सरकवत गेले तरी यादी संपेना. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युजर, बॅकअप, पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर. काही-काही सेकंदांच्या अंतराने, आणि वेळा मध्यरात्रीच्या, संस्थेला कुलूप असतानाच्या. “हे कोन करून राह्यलं?” भाऊजींनी विचारलं. कोणी माणूस करत नाही भाऊजी, तेच तर सांगतोय.

ग्रामीण संस्थांना धोका नसतो, हे आपल्याच देशात खोटं ठरलेलं आहे. 31 जुलै 2024 ला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणा पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरत्या तोडल्या, कारण तिथे रॅन्समवेअर, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं होतं. ही कंपनी सेवा देते ती मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना. रॉयटर्सच्या बातमीनुसार सुमारे 300 लहान बँकांना फटका बसला. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणाप्रमाणे सुरुवात झाली ती नीट न बसवलेल्या एका जेनकिन्स (सॉफ्टवेअर तयार करण्याची कामं आपोआप करणारं साधन) सर्व्हरपासून. ज्या त्रुटीचा त्यांनी उल्लेख केला, ती दुरुस्त केलेलं व्हर्जन जानेवारी 2024 मध्येच आलेलं होतं. म्हणजे सहा महिने आधी.

आता तो ‘उपाय’. पतसंस्थेतली माणसं ऑडिटरचं ऐकतात, म्हणून ऑडिटरचंच सांगतो. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा असाच खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरत होता, तिचा पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 17 मार्च आणि 28 एप्रिलला पॅच टाकण्याचे इशारेही गेले होते. तरी इंग्लंडमध्ये दवाखाने चालवणाऱ्या 236 ट्रस्टपैकी निदान 80 ट्रस्टना झळ बसली. पेशंटच्या 6,912 ठरलेल्या वेळा रद्द झाल्याची नोंद आहे, अंदाज तर 19,000 च्या वरचा. आपल्याकडच्या कॅगसारखं तिथलं नॅशनल ऑडिट ऑफिस. त्यांनी ऑक्टोबर 2017 मध्ये यावर अहवाल दिला. बाधित झालेल्या सगळ्या संस्थांची कच्ची बाजू एकच होती आणि तुलनेने साध्या उपायांनी त्या वाचल्या असत्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. बहुतेक बाधित मशीनवर विंडोज 7 होतं. म्हणजे तेव्हा सपोर्ट (कंपनीकडून अपडेट मिळणं) चालू असलेलंच, फक्त पॅच न टाकलेलं. आणि पुढे असंही म्हटलंय की पॅच टाकलेला असो-नसो, इंटरनेटकडे तोंड असलेली फायरवॉल नीट सांभाळली असती तरी संसर्ग टळला असता.

वाचवणाऱ्या गोष्टी दोन, पॅच आणि फायरवॉल. हा मेसेज नेमक्या त्याच दोन बंद करायला सांगतो. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला लोकांच्या ठेवींची काडीचीही काळजी नाही. आणि “चालू आहे ना” म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, 11 मेच्या संध्याकाळी ती सगळी मशीनं चालूच होती.

वायर काढून ठेवण्याचंही उत्तर यातच आलं. वॉनाक्राय आतल्या नेटवर्कमध्ये कोणी क्लिक न करता एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता. वायर काढलेल्या सर्व्हरला संस्थेतले बाकीचे कॉम्प्युटर जोडलेलेच असतात, पिग्मीचं मशीन रोज यूएसबीला लागतं, ऑडिटच्या वेळी पेनड्राइव्ह येतात. हार्ड डिस्कबद्दल तर फार बोलायचीही गरज नाही. ती खराब होते धुळीने, एप्रिल-मे महिन्यात भट्टी झालेल्या खोलीने, कूलरच्या दमट हवेने आणि लाईन सारखी जाण्या-येण्याने. अपडेटचा त्यात काही संबंध नाही.

“डेटा उडतो” यातली भीती मात्र खरी आहे, आणि ती खोडून काढण्यापेक्षा नीट समजून घेतली पाहिजे. जवळच्याच तालुक्यातल्या एका संस्थेत सॉफ्टवेअर बदललं तेव्हा सभासदांच्या यादीत निर्मलाबाईंची ‘निमर्लाबाई’ झाली आणि पत्त्यातल्या वर्ध्याचं ‘वधार्’. लोक म्हणाले, डेटा खराब झाला. झालं होतं वेगळंच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जायची. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्या अक्षराच्या मागून यायचा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, नेमकं उलट असतं. रूपांतर करणाऱ्याने नुसतं चिन्हाला चिन्ह बदललं आणि रफाराच्या जागा तशाच ठेवल्या, की असं होतं. जागा बदलायचे नियम बसवले की नावं सरळ होतात. एकही नाव हरवलेलं नसतं.

दुसरा प्रकार जास्त वाईट, त्यात नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकुरासाठी सहसा एनव्हारचार प्रकारचा रकाना लागतो. साध्या व्हारचार रकान्यात देवनागरी ओतली की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि त्या प्रतीतून मूळ नाव परत काढता येत नाही. पण ही गोष्ट फक्त त्या नव्या प्रतीची. जुना डेटाबेस जसाच्या तसा असतो, जर जुन्याच मशीनवर वरून नवीन टाकलं नसेल तर. नेमकं हेच बऱ्याच ठिकाणी करतात. दुसऱ्या मशीनचा खर्च वाचवायला चालू सर्व्हरवरच अपग्रेड सुरू करतात, अर्ध्यात लाईन जाते, इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी असते, आणि मग खापर फुटतं नव्या व्हर्जनवर.

म्हणून नवीन मशीन बाजूला उभं करायचं. जुन्याचा बॅकअप त्यावर रिस्टोअर करायचा, आणि दोन्हींवर एकाच तारखेची खातेवार बाकी, ठेवींची एकूण बेरीज आणि व्याजाची आकारणी काढून पैशापैशाने ताळा जुळवायचा. नावं तपासताना रफाराची आणि जोडाक्षरांची आधी बघायची. जुनं मशीन पुसायचं नाही, कारण एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्या व्हर्जनवर रिस्टोअर होत नाही. परत फिरायचं तर तेच मशीन कामी येतं.

मोठ्यांचंही चुकतं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये सुमारे 52 लाख ग्राहक नव्या यंत्रणेवर नेले आणि लाखो लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. तिथल्या नियामकांनी डिसेंबर 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड केला. पण त्याच नियामकांनी हेही नोंदवलंय की डेटा नीट गेला होता, कोलमडली ती पुरती न तपासलेली नवी यंत्रणा. म्हणजे इथेही दोष तयारीत होता.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 2012 आर2 चा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला. त्यानंतरचे सुरक्षा अपडेट हवे तर त्यासाठी वेगळे पैसे मागितले जातात, आणि नवीन व्हर्जनचं लायसन्स लहान संस्थेला जड जातं. फुकटातही फसवणूक झाल्याची भावना येऊ शकते. सर्व्हरसाठी वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस 8 या फुकटच्या लिनक्सला 2029 पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर 2020 मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने ती मुदत 2021 च्या अखेरीवर आणली. लोक चिडले, आणि त्यांचं चुकलं नाही. पण त्यांनी अपडेट बंद केले नाहीत, ते अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्सवर गेले, आणि दोन्ही फुकट आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचं प्रत्येक मोठं व्हर्जन पाच वर्षं सांभाळलं जातं, तेही फुकट. शिवाय सपोर्टमध्ये असलेल्या विंडोजचे महिन्याचे सुरक्षा पॅच घ्यायला वेगळे पैसे लागत नाहीत. मेसेजवाल्याने लायसन्स आणि पॅच या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत.

85 लाखांचा आकडा खरा, गोष्ट वेगळी. 19 जुलै 2024 ला जे झालं ते मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने झालं नाही, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने झालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार बाधित मशीनं विंडोजच्या एकूण मशीनांच्या एक टक्क्याहून कमी होती. ती फाइल सगळीकडे एकदम गेली, म्हणून एवढा हाहाकार झाला. यातून घ्यायचं ते एवढंच, की अपडेट आधी एका मशीनवर टाकावा आणि मग सर्व्हरवर.

भाऊजींकडे फायरवॉल पुन्हा चालू केली आहे, 3389 बाहेरून बंद केलं आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलंय. त्याला विचारायचं ते असं: शेवटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून कधी पाहिला? मराठी नावांचे रकाने कोणत्या प्रकारचे आहेत? ताळा जुळला नाही तर जुन्या मशीनवर परत यायला किती तास लागतील? आणि नागपूरहून काम करायचं तर व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा बंदिस्त, सुरक्षित रस्ता) कोण बसवून देणार? उत्तरं लेखी घ्या, मगच तारीख ठरवा. दिवाळीच्या ठेवींची आणि मार्चअखेरची गडबड सोडून.